दहा हजार रुपये कुणाच्या नावावर?

 

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक आटपत आली होती. हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या झाल्या होत्या. तेवढ्यात एका ताईनं पिशवीतून पेढे काढले. तिच्या मुलीला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. सगळ्यांना आनंद झाला. पण आमच्यातल्या एका आजींनी पेढा हातात धरूनच विचारलं, "ही कंपनी विकते तरी काय गं?" आम्ही म्हटलं, "सॉफ्टवेअर." आजी म्हणाल्या, "ते कशावर मोजतात? किलोवर का क्रेटवर?" आम्ही हसलो खऱ्या, पण उत्तर एकीलाही देता आलं नाही. आपण टोमॅटो विकतो, कांदा विकतो, दूध घालतो. ज्या धंद्यात आपल्या लेकी जातात, तो धंदा काय आहे, हे मात्र आपल्याला माहीत नाही.

म्हणून आजच्या भाषणात आम्ही अशा एका मोठ्या कंपनीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव इन्फोसिस. आज तिच्यात तीन लाखांहून जास्त माणसं कामाला आहेत आणि तिचं मुख्य ठाणं बेंगळुरूला आहे. पण ती जन्मली आपल्या पुण्यात, १९८१ साली. आणि तिचं पहिलं भांडवल होतं एका बाईनं बाजूला टाकलेले पैसे. आपण सगळ्या बचतीचे पैसे मोजणाऱ्या बाया आहोत. तेव्हा ही गोष्ट आपण आपल्या नजरेनं ऐकू.

त्या बाईचं माहेरचं नाव सुधा कुलकर्णी. जन्म १९५० सालचा, कर्नाटकातल्या शिग्गावचा. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. प्राचार्यांनी अटी घातल्या: साडी नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. आपल्यातल्या ज्या शाळेत असताना दिवसभर पाणी न पिता राहिल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या शिकल्या, पहिल्या आल्या, आणि पुढं बेंगळुरूला टाटांच्या विज्ञान संस्थेत संगणकाचं शिक्षण घ्यायला गेल्या.

१९७४ साली तिथं त्यांना फळ्यावर एक जाहिरात दिसली. पुण्याच्या टेल्को कंपनीला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, इंजिनिअर हवे होते. खाली लिहिलं होतं की बायकांनी अर्ज करू नये. सुधाताईंनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं, की तुमच्यासारख्यांच्या कंपनीनं असा भेद करावा हे बरं नव्हे. पोस्टकार्ड पोहोचलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं. नोकरी मिळाली. टेल्कोच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलेल्या त्या पहिल्या बाई. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात गाड्या जोडण्याची एक आख्खी लाइन मुली चालवतात.

आता त्या काळातल्या संगणकाबद्दल थोडं सांगायला हवं. आज आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये जो आहे, तो संगणक तेव्हा खोलीभर असायचा. देशात ते मोजकेच होते. १९६८ साली मुंबईत टाटांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, सुरू केली. फकीरचंद कोहली यांनी ती वाढवली. दुसऱ्यांचे हिशोब आणि कामं संगणकावर करून द्यायची, असा हा नवाच धंदा होता. पुढं परदेशी कंपन्यांनी भारतात किती मालकी ठेवायची यावर सरकारनं कायद्यानं मर्यादा आणली, आणि १९७८ साली आयबीएम ही संगणकाची बलाढ्य अमेरिकन कंपनी इथला कारभार आवरून निघून गेली. संगणक बाहेरून आणायचा तर परवाना लागे, आणि जकात संगणकाच्या किमतीहूनही जास्त पडे. साधा टेलिफोन मिळायला वर्ष-वर्ष थांबावं लागे.

अशा काळात पुण्यात सुधाताईंची ओळख नारायण मूर्ती नावाच्या तरुणाशी झाली. मूर्तींनी पुण्यात सॉफ्ट्रॉनिक्स नावाची कंपनी काढून पाहिली होती. ती चालली नाही. मग ते पटनी कॉम्प्युटर्स या कंपनीत नोकरीला लागले. १९७८ साली दोघांचं लग्न झालं. खर्च आला आठशे रुपये आणि तो दोघांनी निम्मा-निम्मा केला. आजच्या मांडव, डीजे आणि मानपानाच्या दिवसांत हा आकडा गटात जरूर वाचून दाखवा.

१९८१ साली मूर्ती आणि पटनीतले त्यांचे सहा सहकारी यांनी स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं. नंदन निलेकणी, एन. एस. राघवन, क्रिस गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा. सात जण, सगळे पुरुष. बुद्धी होती, पैसा नव्हता. सुधाताईंनी पगारातून थोडे-थोडे करून नवऱ्यालाही न सांगता पैसे साठवले होते. तो डबा त्यांनी उघडला. दहा हजार दोनशे पन्नास रुपये निघाले. दोनशे पन्नास त्यांनी अडीअडचणीला मागे ठेवले आणि दहा हजार नवऱ्याच्या हातावर ठेवले. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. तेव्हाच्या भावानं त्या पैशात पाच तोळ्यांहून जास्त सोनं आलं असतं. आणि ज्याला दिले, त्याचा आधीचा धंदा बुडालेला होता.

नुसते पैसेच दिले असं नाही. तीन वर्षं तुम्ही तुमचं स्वप्न बघा, घर मी चालवते, असा शब्दही दिला. टेल्कोतली नोकरी सुटली होती, तेव्हा पुण्यातच वालचंद समूहात त्यांनी नोकरी धरली. कर्ज काढून घेतलेल्या पुण्यातल्या छोट्याशा घरात कंपनीचं ऑफिस होतं. त्या घरात स्वयंपाक करणारी, कारकुनी करणारी आणि संगणकाचं काम करणारी बाई एकच होती. मुलगी अक्षता तान्ही होती. तिला हुबळीला आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. पोर आजोळी ठेवून कामाला जाणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघर आहेत. त्या दिवसांत रात्री कसं वाटत असेल, ते त्यांना विचारा.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. ही कंपनी विकत काय होती?

अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचं उदाहरण घेऊ. तिची हजारो खाती संगणकावर आहेत. कुणी पैसे भरले, कुणी काढले, व्याज किती झालं, हे संगणकानं बिनचूक करायचं, तर त्याला पायरी-पायरीनं सूचना लिहून द्याव्या लागतात. आपल्या गटाच्या लेखनिक ताई नव्या मुलीला सांगतात ना, की आधी हप्ता लिही, मग दंड, मग कर्जाची परतफेड, मग खाली बेरीज. तशाच या सूचना, पण यंत्राच्या भाषेत. त्या लिहिणं, त्यात चूक निघाली तर सुधारणं, आणि बँकेचा नियम बदलला की सूचना बदलणं, हेच सॉफ्टवेअरचं काम. ते अमेरिकेतल्या माणसाकडून करून घेतलं तर महाग पडतं. इन्फोसिससारखी कंपनी म्हणते, आमची शिकलेली माणसं हे करतील, तुम्हाला स्वस्तात पडेल. म्हणजे ही कंपनी माणसांचे तास विकते. शिकलेल्या माणसाच्या डोक्याचे तास.

त्याचे सौदेही आपल्याला ठाऊक असलेल्याच दोन रीतींचे असतात. एक, रोजानं. खुरपणीला दहा बाया लावल्या, किती दिवस लागले त्यावर हिशोब. दुसरी, उक्तं. एवढं शिवार एवढ्या रकमेत काढून द्यायचं, मग दहा बाया लागोत नाहीतर वीस. रोजाच्या कामात काम लांबलं तर खर्च मालकाचा वाढतो. उक्त्यात काम लांबलं तर घेणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून तो माणसांना घाई करतो. आपली मुलगी फोनवर सांगते, "आई, या आठवड्यात उशीर होईल, डेडलाइन आहे," तेव्हा पुष्कळदा हे उक्त्याचं काम असतं.

यात कमाई कशी होते? डॉलर आणि रुपया यांच्यातल्या फरकातून. कंपनीला तासाचे पैसे डॉलरमध्ये मिळतात आणि पगार रुपयात द्यायचा असतो. १९८१ साली एक डॉलर साधारण साडेआठ-नऊ रुपयांना होता. आता तो ऐंशीच्या पुढं जाऊनही बरीच वर्षं झाली. आजही इन्फोसिसच्या मिळकतीतला निम्म्याहून जास्त वाटा उत्तर अमेरिकेतून येतो, आणि मिळकतीतला निम्म्याहून जास्त पैसा माणसांच्या पगारावर जातो. जमीन नाही, बियाणं नाही, खत नाही. माणूस हेच त्यांचं पीक आणि माणूस हाच त्यांचा खर्च. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीची मिळकत सुमारे १ लाख ६३ हजार कोटी रुपये होती आणि नफा सव्वीस हजार कोटींच्या वर.

पण सुरुवात एवढी सोपी नव्हती. कंपनी निघाली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा संगणकच नव्हता. परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागल्या. म्हणून पहिली कामं तिकडे जाऊनच करावी लागली. न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन ही त्यांची पहिली गिऱ्हाईक कंपनी. भागीदारांतले बरेच जण अमेरिकेत जाऊन राबत होते. १९८३ साली बेंगळुरूच्या मायको कंपनीचं काम मिळालं, आणि इन्फोसिसनं पुणं सोडून बेंगळुरूला बस्तान हलवलं.

गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. सुधाताई संगणकाचं उच्च शिक्षण घेतलेल्या, कारखान्यात काम केलेल्या, कंपनीला पहिलं भांडवल दिलेल्या. निलेकणींनी सुचवलं की सुधाताईंनाही कंपनीत घ्यावं. मूर्ती म्हणाले, नवरा-बायको दोघं एका कंपनीत नकोत. तुला यायचं असेल तर मी बाहेर पडतो. आता, ज्यानं स्वप्न बघितलं त्याला बाहेर काढून आपण आत जायचं, असं कोणती बायको म्हणेल? सुधाताई बाहेर राहिल्या. वाईट वाटलं, हे त्यांनी लिहिलं आहे, सांगितलंही आहे. पैसा आत गेला आणि बाई दाराबाहेर राहिली.

मूर्तींचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. घरच्यांची भरती करून कंपन्या कशा बुडतात हे त्यांनी पाहिलं असेल. आपल्याकडच्या पतसंस्थांतही ते आपण पाहिलं आहे. पण नियम सोसावा कुणाला लागला ते बघा. २०२४ च्या जानेवारीत एका मुलाखतीत मूर्तींनी स्वतःच कबूल केलं की तेव्हा आपलं चुकलं. आपल्यापेक्षा आणि बाकी सहा जणांपेक्षाही सुधा जास्त लायक होती, असंही ते म्हणाले. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, हे खरं. पण मधे चाळीस वर्षं गेली.

याच कंपनीत आणखी एका बाईचे दहा हजार रुपये होते. त्यांची गोष्ट कमी सांगितली जाते. रोहिणी सोमण या मुंबईच्या मराठी घरातल्या. पत्रकार म्हणून काम करत होत्या. नंदन निलेकणींशी त्यांचं लग्न झालं. इन्फोसिस सुरू झाली तेव्हा रोहिणीताईंनी आपल्या जवळचे दहा हजार रुपये कंपनीत गुंतवले. ते शेअर म्हणून, स्वतःच्या नावावर. पुढं कंपनी वाढली आणि त्या स्वतःच्या हक्कानं श्रीमंत झाल्या. पाणी, मुलांची पुस्तकं, शिक्षण या कामांना त्यांनी मोठाले पैसे दिले, आणि ते देताना हा माझा पैसा आहे असं त्यांना म्हणता येतं. सुधाताईंच्या नावावरही पुढं कंपनीचे शेअर आले, आजही आहेत. पण गोष्ट सांगताना त्यांचे दहा हजार म्हणजे बायकोनं केलेली मदत असंच सांगितलं जातं.

मदत, कर्ज आणि भाग, या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या गटाच्या भाषेत बघू.

समजा ते दहा हजार गटातून कर्ज म्हणून दिले असते, महिना शेकडा दोन रुपयांनी. महिन्याला दोनशे, वर्षाला २,४०० रुपये व्याज. दहा वर्षांत २४,००० व्याज आणि १०,००० मुद्दल. चोख व्यवहार, पण तिथंच संपला. धंदा बुडाला तरी ते मागता येतात आणि धंदा कितीही वाढला तरी तेवढेच मिळतात. भाग, म्हणजे शेअर, याचं उलट आहे. धंदा बुडाला तर पैसे गेले, वाढला तर आपला वाटाही वाढतो. आणि मदत दिली तर? मागताही येत नाहीत आणि वाढतही नाहीत. पुष्कळदा ते दिले होते हेसुद्धा लोक विसरून जातात.

शेअर हा शब्द आपल्याला नवा नाही. भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्याचे शेअर कितीतरी घरांत आहेत. पण सहकारी कारखान्याच्या शेअरवर मिळतो तो उसाचा आणि मताचा हक्क. त्याचा भाव बाजारात रोज वर-खाली होत नाही. इन्फोसिसनं १९९३ साली आपले शेअर लोकांना विकायला काढले, ९५ रुपयांना एक. तेव्हा लोकांनी ते पुरते घेतलेसुद्धा नाहीत, कारण ही कंपनी विकते काय हे शहाण्यासुरत्या माणसांनाही कळत नव्हतं. आमच्या आजी काही एकट्याच नव्हत्या! ज्यानं तेव्हा साडेनऊ हजारांत शंभर शेअर घेतले आणि कधीच विकले नाहीत, त्याच्याकडे कंपनीनं वेळोवेळी दिलेले फुकट शेअर आणि एकाचे दोन करत २०१८ पर्यंत १ लाख २ हजार ४०० शेअर झाले. एका शेअरचा भाव हजार रुपये धरला तरी ते दहा कोटींच्या पुढं जातात. १९९९ साली अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरणारी ही पहिली भारतीय कंपनी ठरली.

हे ऐकून कुणी उद्या गटाचा पैसा शेअर बाजारात टाकायला निघू नका. जी कंपनी टिकली तिची गोष्ट आपण सांगतो आहोत. याच धंद्यातली सत्यम नावाची हैदराबादची कंपनी आठवते का? जानेवारी २००९ मध्ये तिच्या मालकानं स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की आपण वर्षानुवर्षं हिशोबात खोटे आकडे दाखवत होतो, सात हजार कोटींच्या आसपास. शेअर एका दिवसात कोसळला, आणि हजारो कामगारांच्या पोटात गोळा आला. पुण्याच्या टेक महिंद्रानं ती विकत घेतली म्हणून ती वाचली. कंपनी केवढीही असो, ती शेवटी वहीवरच उभी असते. आपण बैठकीत सगळ्यांसमोर रक्कम मोजतो आणि वही मोठ्यानं वाचतो, ते याच्यासाठीच.

इन्फोसिसवरही बुडायची वेळ आली होती. १९८९-९० च्या सुमारास एक भागीदार सोडून गेला, आणि कंपनी विकून टाकावी का, असा विचार सुरू झाला. मूर्ती म्हणाले, तुमचे भाग मी घेतो, मी चालवतो. ते ऐकून बाकीचेही थांबले. १९९१ साली देशाचं धोरण बदललं, परवान्यांची कटकट कमी झाली, संगणक आणणं सोपं झालं. मग उपग्रहाच्या जोडणीवरून इथं बसून तिकडचं काम करता येऊ लागलं. आपल्याकडे दिवस तेव्हा अमेरिकेत रात्र. त्यांनी झोपताना काम सांगायचं आणि सकाळी उठून तयार बघायचं. योगायोग बघा, १९९२ साली नाबार्डनं बचत गटांना बँकांशी जोडायची योजना सुरू केली आणि १९९३ मध्ये इन्फोसिस शेअर बाजारात आली. म्हणजे आपल्या गटांचं आणि त्या कंपनीचं मोठं होणं एकाच काळातलं आहे.

पुणं सोडून गेलेली इन्फोसिस पुढं पुण्यात परतली. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी आणि माणच्या शेतजमिनी एमआयडीसीनं घेतल्या, तिथं राजीव गांधी इन्फोटेक पार्क झालं. जिथं भात निघायचा तिथं आज काचेच्या इमारती आहेत. जमिनी जाणं म्हणजे काय, हे डिंभे आणि माणिकडोहच्या धरणात गावं गेलेल्या आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. तिथंही मोबदल्याचा धनादेश सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळतो. भात लावणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तिला विचारतं कोण? आपल्या शेजारच्या चाकणजवळ आंबेठाणला राहून शरद जोशींनी शेतकऱ्यांची चळवळ उभी केली. त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता तो याचसाठी. बाईचं नाव सातबाऱ्यावर लावा, ती खैरात नव्हे, तिचं देणं आहे, असा त्यामागचा विचार होता.

आता आपल्या लेकींकडे येऊ. नारायणगाव, मंचर, घोडेगावहून रोज हिंजवडीला जाऊन येणं जमत नाही. मुली वाकड-हिंजवडीत कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत तिघी-चौघी. इन्फोसिसमध्ये दर शंभर माणसांत बाया साधारण ३९ आहेत. कारखान्यांच्या मानानं हे पुष्कळ आहे. हुबळीच्या वर्गात एकटी बसलेली मुलगी आठवली तर फारच पुष्कळ. पण वर जावं तशी ही संख्या रोडावत जाते. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसलेली नाही. टीसीएसमध्येही नाही.

आणखी एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींचा पगार मोठ्या कंपन्यांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास असतो, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तो फारसा हललेला नाही. या काळात खोलीचं भाडं, खाणावळ, गॅस किती वाढलं ते तुम्हीच बघा. काम नसेल तेव्हा माणसाला बसवून ठेवतात, त्याला ते बेंचवर असणं म्हणतात. तास विकला जात नाही तोवर कंपनीला तो माणूस जड होतो. आणि आता सूचना लिहायचं काम यंत्रच करू लागलं आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार लोकांना कमी करणार असं जाहीर केलं. भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, हे आपल्याला माहीत आहे. डोक्याच्या तासांचाही भाव पडतो. म्हणून मुलीला नोकरी लागली की पेढे वाटाच. पण पहिल्याच वर्षी तिच्या पगारावर घराच्या स्लॅबचं आणि भावाच्या गाडीचं कर्ज काढू नका. तिच्या नावावर थोडं साठू द्या. तिला पुढं शिकायला लागेल, कारण या धंद्यात जुनी विद्या लवकर शिळी होते.

सुधाताईंचं पुढं काय झालं? त्यांनी बेंगळुरूला कॉलेजात संगणक शिकवला. १९९६ साली इन्फोसिस फाउंडेशन निघालं, त्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. शाळा, दवाखाने, वाचनालयं, पूरग्रस्तांची घरं. पुस्तकं लिहिली, ती मराठीतही घरोघर वाचली जातात. मार्च २०२४ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. हुबळीला आजोळी ठेवलेल्या त्यांच्या मुलीचा नवरा, ऋषी सुनक, मधल्या काळात इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्यांचं आयुष्य वाया गेलं असं कुणीच म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी त्या शिकल्या, ते काम ज्या कंपनीत सगळ्यात मोठं झालं, तिथं त्यांना बसू दिलं नाही, हेही खोटं नाही.

आमच्या बैठकीत यावर खूप बोलणं झालं. एक ताई म्हणाली, "माझ्या दुधाच्या पैशातून टेम्पो आला. टेम्पोवर नाव नवऱ्याचं, मागं लिहिलंय 'आईचा आशीर्वाद'." आम्ही सगळ्या हसलो. मग तीच म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही, की ते पैसे कशात धरले." दुसरी म्हणाली, "घरात असं विचारलं तर भांडण होतं." तेही खरं आहे. पण सुधाताईंनी पोस्टकार्ड लिहिलं तेव्हा तरी कुठं भांडण केलं होतं? त्यांनी विचारलं, एवढंच.

आणि बायांनी हिशोब लिहिणं ही आपल्याकडे काल-परवाची गोष्ट नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणत्या यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती नाणी, हे सगळं त्यात आकड्यांत कोरलं आहे. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये ते आकडे मोजले जातात. मोठमोठे संगणक ज्या आकड्यांवर चालतात, त्यांची अशी जुनी ओळ आपल्या घाटात एका बाईच्या दानाच्या हिशोबात आहे. पावसाळा सरला की गटानं एकदा तिथं जाऊन या.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. गटातून काढलेला किंवा साठवलेला पैसा घरच्या कोणत्या धंद्यात गेला, ते प्रत्येकीनं आठवून सांगा. कोंबड्यांच्या शेडमध्ये, गाईंमध्ये, टेम्पोत, मुलाच्या मोबाइलच्या दुकानात. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा. किती दिले. कशात दिले. कर्ज, भाग की मदत. आणि त्या वस्तूवर, त्या दुकानावर, त्या खात्यावर नाव कुणाचं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं लेखनिक ताईंनी लिहावं आणि मोठ्यानं वाचून दाखवावं. मदत म्हणून दिले असतील तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. पण लिहा.

आमच्या आजींना आम्ही पुढच्या बैठकीत उत्तर दिलं. म्हटलं, "आजी, ती कंपनी डोक्याचे तास विकते." आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग पोरीला सांगा, सगळे तास विकू नको. दोन स्वतःला ठेव."